कुंडीतला अझेलिया, पुण्याच्या गच्चीवर: हिवाळा ते पावसाळा वापरानंतर

डिसेंबर-जानेवारीत रोपवाटिकेत फुलांनी लगडलेलं जे बुटकं रोप मिळतं, तेच अझेलिया, बहुतेक वेळा रोडोडेंड्रॉन सिम्सी या जातीचा संकर. फुलं तीनेक आठवडे झकास टिकली. खरी परीक्षा पुढे. पुण्यात हे झाड उन्हाने जातं असं सगळेच सांगतात. दुपारचं ऊन टाळायलाच हवं, पण घात करतं ते पाणी.

अझेलियाला मातीचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकी माती आम्ल) ४.५ ते ५.५ लागतो. बोअरच्या पाण्यातला चुना तो चढवत नेतो आणि ६.५ च्या पुढे मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. मार्चअखेर कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. अशा वेळी फेरस सल्फेट हे साधं लोहखत वाया जातं, ईडीटीए या लोह धरून ठेवणाऱ्या रसायनातलं (चिलेट) लोहही टिकत नाही. त्याहून घट्ट धरणाऱ्या ईडीडीएचए चिलेटमधलं लोह घ्या, लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, मुळाशी. जुनी पानं फारशी सुधारत नाहीत, नवीन फूट बघा. पाण्यात दर १० लिटरला सुमारे २ ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून पीएच मोजायच्या कागदी पट्टीवर तो ६ च्या आत आणायचा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र अजिबात घालू नका, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त. पावसाचं साठवलेलं सर्वांत उत्तम.

मिश्रण: धुतलेलं कोकोपीट ५ भाग, पाइनची साल ३, परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खडे) २. काळी माती, राख नको. सिमेंटची कुंडी तर नकोच, तिच्यातूनही चुना झिरपतो. मुळं केसासारखी बारीक आणि उथळ, म्हणून लावताना मुळांचा गोळा भोवतीच्या मिश्रणापेक्षा बोटभर वर ठेवा. नव्या रोपाचा गोळा आतून कोरडा ठणठणीत असतो आणि वरून ओतलेलं पाणी कडेने निघून जातं. कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत बादलीत बुडवा.

पावसाळ्यात सलग झड लागली की कुंडी आडोशाला. माती ओली आणि तरी पानं मलूल, म्हणजे फायटॉप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची मूळकुज. तेव्हा आणखी पाणी घालणं म्हणजे रोप संपवणं.

छाटणी फुलं ओसरताच. ऑगस्टमध्ये कात्री लावलीत तर पुढच्या कळ्याच कापल्या जातील. कळ्या उमलायला काही आठवडे १० अंशांच्या आसपासचा गारवा लागतो, त्यामुळे पुण्यात दुसऱ्या वर्षीच्या बहराची खात्री कुणी देऊ नये. महाबळेश्वरला जांभ्याची माती मुळात आम्ल, थंडीही बरी; तिथे निम्मी उठाठेव वाचते.

पाच पैकी तीन तारे. फक्त बोअरचं पाणी असेल आणि रोज पट्टी बुडवायचा कंटाळा असेल, तर सरळ बोगनवेल घ्या. आणि घरात मांजर किंवा शेजारी शेळी असेल तर कुंडी त्यांच्या तोंडापासून दूरच: पानं, फुलं सगळंच विषारी.