मांजराचं प्लास्टिकचं कॅरियर: डहाणू-तलासरीच्या भूकंपपट्ट्यात कितपत उपयोगाचं?

सुकटीच्या वासाने ओटीवर चढलेलं मांजर दोन-तीन महिन्यांत घरचं होऊन जातं. पण पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर, त्याला घरात घेताना एक जास्तीची सोय करावी लागते. नोव्हेंबर २०१८पासून या भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली. बहुतेक धक्के लहान, पण उथळ, त्यामुळे हादऱ्याबरोबर जमिनीतून मोठा आवाज येतो. त्या आवाजाने माणसं अंगणात धावतात आणि मांजर नेमकं उलट जातं: कणगीमागे, पलंगाखाली, नाहीतर माळ्यावर. म्हणून मांजर न्यायची पेटी हवी, आणि बाजारात जी मिळते तिच्यात थोडी दुरुस्तीही हवी.

इथे बघतोय ते दुकानांत सर्रास मिळणारं कडक प्लास्टिकचं कॅरियर. साधारण ४८ सेंमी लांब, ३२ सेंमी रुंद, तेवढंच उंच, पुढे तारेचं दार. चार-साडेचार किलोच्या मांजराला हे पुरतं. मोठ्या बोक्यासाठी एक माप वरचं घ्या. किंमत दीड ते अडीच हजारांच्या घरात. छतालाही दार असलेलं मॉडेल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या. बिथरलेलं मांजर पुढच्या दारातून ढकलायला गेलात की चारही पाय फाकवून चौकटीला धरतं आणि तुमचं मनगट फोडतं. वरून उतरवताना त्याला पाय रोवायला जागाच मिळत नाही. असं छताचं दार नसेल तर पेटी उभी करा, दार आकाशाकडे. मांजर जाड टॉवेलात गुंडाळा, मागचे पाय आधी आत सोडा, मग हळूच टॉवेलासकट बाकीचं.

आता उणी बाजू. पेटीचे दोन भाग कडेच्या प्लास्टिक क्लिपांनी जोडलेले असतात आणि मूठ असते वरच्या भागाला. म्हणजे मांजराचं सगळं वजन त्या क्लिपांवर. धावताना हिसका बसला की एखादी क्लिप सुटते, कड फाकते, आणि तेवढ्या फटीतून मांजर डोकं घालतं. काठाला भोकं असतात. त्यांतून नायलॉनचे केबल टाय घाला, लांब बाजूंना दोन-दोन आणि मागे एक. पेटी धुवायला वरचेवर उघडत असाल तर टायऐवजी नट-बोल्ट आणि हाताने फिरणारे विंग नट बरे. उचलताना एक हात मुठीला, दुसरा तळाखाली.

दुसरा दोष दाराचा. दोन स्प्रिंगच्या खिट्ट्या वर-खाली भोकांत बसतात. पेटी पिळवटली की वरची खिट्टी भोकातून निसटते, आणि दार बंद दिसत असूनही बंद नसतं. दार लावल्यावर वरचा कोपरा बोटाने ओढून बघा. खात्रीसाठी एक छोटा कडीहूक दार आणि चौकट यांत अडकवा.

तळाला घोंगडी नको; नखं अडकतात आणि ओली झाली की वाळत नाही. जुन्या सुती साडीच्या चार घड्या पुरे.

पेटी माळ्यावर ठेवली तर सगळा खर्च वाया. खरं काम सवयीचं आहे, त्याला आठ-दहा दिवस लागतात. पहिले तीन दिवस वरचा भाग काढून नुसता खालचा भाग घरात ठेवा आणि सुकट-भात त्यातच वाढा. मग झाकण बसवा, दार काढूनच ठेवा. मांजर आपणहून आत झोपायला लागलं की दार लावा: आधी खाणं होईपर्यंत, मग पाच मिनिटं, मग पंधरा. शेवटी पेटी उचलून अंगणात फेरी मारा आणि परत येऊन दार उघडा. घाई केलीत, पहिल्याच दिवशी कोंडलंत, तर ते पुन्हा महिनाभर आत पाय ठेवणार नाही.

जागा बाहेरच्या दाराजवळची हवी, पण वाटेत नको. वर फडताळ, भांड्यांची मांडणी किंवा कौलांची कड नसावी.

वेळेचंही बघा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ला पहाटे सव्वाचारनंतर झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. माणूस गाढ झोपेत असतो ती ही वेळ, आणि मांजर तेव्हाच शिकारीला निघतं. त्याला घरात ठेवायचं तर मुख्य जेवण संध्याकाळी नको, रात्री दहाला द्या, पेटीतच. पोट भरलं की ते तिथेच पडून राहतं. धक्के सारखे चालू असतील आणि तुम्ही बाहेर झोपत असाल तर दार लावून पेटी जवळ घ्या. धडधाकट मोठं मांजर रात्रभर लघवी धरू शकतं. घरात झोपताना मात्र पेटीचं दार लावू नका.

हादरा चालू असताना मांजराला पकडायला धावायचं नाही. आधी स्वतःचं डोकं झाकायचं. थांबल्यावर मांजर पेटीत असेल तर दार लावून उचला, नसेल तर तसेच बाहेर पडा. तडा गेलेल्या घरात मांजरासाठी पुन्हा शिरू नका. पेटी हाताशी नसेल तर उशीचा सुती अभ्रा चालतो: मांजर आत, तोंडाला गाठ, दहा-पंधरा मिनिटांपुरतंच. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करा. मांजराला त्याची रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयानंतर, घरात घेतल्याबरोबरच टोचून घ्यावी.

तंबूतल्या मुक्कामाला ही पेटी अपुरी आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. ताडपत्रीच्या तंबूत दुपारी भट्टी होते आणि प्लास्टिकची पेटी त्याहून तापते. अकरा ते चार ती झाडाखाली, दोन विटांवर ठेवा. तीन बाजूंना ओलं फडकं, चौथी मोकळी. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते उन्हाने आजारी पडतंय. लगेच पंजे आणि पोट पाण्याने ओलं करून डॉक्टरकडे न्या. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, भातात पातळ केलेलं धरून. आठवडाभर राहायचं असेल तर घडीचा तारेचा मोठा पिंजरा बरा, त्यात अर्धं घमेलं वाळू मावते. पण तो जड, घेऊन पळता येत नाही. बोका वाळूत बसून नुसता कुंथतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर दिवस उजाडायची वाट बघू नका. घाबरलेल्या बोक्याचा मूत्रमार्ग तुंबतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो.

कापडी झिपची पिशवी स्वस्त आणि हलकी, पण मांजर डोक्याने झिप सरकवतं आणि जाळी फाडतं. पारदर्शक घुमटाची पाठपिशवी आपल्या उन्हात नकोच. कोंबड्यांचं बांबूचं डालगं हवेशीर आणि घरचं. फळीवर ठेवून दोरीने आवळलं तर वेळ निभावते, तळ मात्र सुटतो.

पाड्यावर तीन-चार घरांत एक पेटी असेल तर प्रत्येक मांजरानंतर ती धुवायलाच हवी. फिनेल अजिबात वापरू नका. मांजराच्या यकृताला ते पचत नाही, पंजे चाटूनही विषबाधा होते. आधी साबण, मग एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जिवघेण्या रोगाचा विषाणू नुसत्या साबणाने जात नाही.

टाय आणि हूक लावल्यावर पाचपैकी चार गुण, जशी येते तशीच वापरली तर अडीच.

मांजर पळालंच तर ते बहुतेकदा लांब जात नाही, शेजारच्या लाकडांच्या ढिगात नाहीतर मोरीमागे दबा धरून असतं. घरापासून सुरक्षित अंतरावर, अंधार पडल्यावर, पेटीचा खालचा भाग त्याच न धुतलेल्या साडीच्या घड्यांसकट ठेवा, बाजूला थोडी सुकट. हाका मारत फिरू नका. माणसांचा गलबला थांबल्यावर, मध्यरात्रीच्या पुढे, ते वासावर येतं.