म्युनिकमधला वीकेंड: डॉइचलांड-टिकीट की फ्लिक्सबस?

म्युनिकला शिकायला येणाऱ्या मुलांना मी सरळ सांगते, आधी डॉइचलांड-टिकीट घ्या, म्हणजे जर्मनीभरच्या लोकल गाड्या, मेट्रो आणि बसेसना चालणारा महिन्याचा पास. मे 2023 मध्ये महिना 49 युरोंना ते सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतं. रोज गार्खिंगच्या विद्यापीठ कॅम्पसला जाणारी यू-6 मेट्रो त्यातच आणि शनिवारी फ्युसेन गावाला जाणारी साधी ट्रेनही त्यातच. फ्युसेनहून बसने होहेनश्वांगाऊ हे पायथ्याचं गाव, मग चढण चढून नॉयश्वानस्टाईनचा किल्ला. तिकडे पाऊस असेल तर ऐनवेळी बेत बदला आणि दुसरी गाडी पकडा, तिकिटाचे पैसे बुडत नाहीत. मला हीच मोकळीक सगळ्यात मोलाची वाटते. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही तिथल्या मुख्य स्टेशनपर्यंत हे तिकीट चालतं! आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत मात्र चालत नाही, त्यामुळे बर्लिनला जायचं तर गाड्या बदलता बदलता अख्खा दिवस जातो.

अशा लांबच्या प्रवासाला फ्लिक्सबस या कंपनीची लांब पल्ल्याची बस बरी. प्राग साधारण पाच तासांवर. आधी बुकिंग केलं तर स्वस्तही पडतं. पण तारीख ठरलेली, रात्रीची बस असेल तर झोपेचं खोबरं. सीमेवर तपासणी होऊ शकते, पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट जवळ हवंच.

किराण्याचंही बघा. एका दिवसाच्या सहलीहून रात्री आठच्या आत परतलात तर दूध-भाजी मिळते. रविवारी दुकानं बंद, म्हणून प्रागला निघण्याआधी शुक्रवारीच सगळं भरून ठेवा.