४० किलोहर्ट्झवाले स्पीकर: पाडवा ते दिवाळी

पाडव्याला घेतलेली बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणि सोबतचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर दिवाळी उलटली तरी रोज वाजतोय. ट्वीटर (उंच, बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) धातूच्या घुमटाचा. खोक्यावर जपान ऑडिओ सोसायटीचा सोनेरी 'हाय-रेस' शिक्का, म्हणजे ४० किलोहर्ट्झपर्यंत मजल. कंपनीचं नाव देत नाही.

मजल आहे, पण ऐकणार कोण? तरुण, धडधाकट कानाची हद्दच २० किलोहर्ट्झच्या आसपास. माझी पन्नाशी उलटली. टोन जनरेटरवर १२ च्या वर मला चिडीचूप, कॉलेजातल्या लेकीला मात्र १६ स्वच्छ ऐकू येतो. (जुन्या डबा टीव्हीची बारीक शिट्टी आठवते? ती १५,६२५ हर्ट्झची. आता शेजारी लावला तरी मला कळणार नाही.) पियानोची शेवटची पट्टीसुद्धा ४,१८६ हर्ट्झची. सीडी २२ किलोहर्ट्झपर्यंत जाते, ती माणसाला पुरून उरते. त्यापुढचं आमच्या बोक्यासाठी.

खरी गंमत पुढे. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये (हे सेकंदाला घेतलेले नमुने; सूर त्याच्या निम्म्यापर्यंतच मावतात) २४ आणि २५ किलोहर्ट्झ असे दोनच सूर भरून वाजवले. काहीच ऐकू यायला नको, पण आवाज वाढवला तशी १ किलोहर्ट्झची शिट्टी यायला लागली. दोन सुरांतला फरक! एक सूर डाव्या आणि एक उजव्या स्पीकरला दिला की शिट्टी गायब, म्हणजे ती हवेत किंवा कानात होत नव्हती, यंत्रातच तयार होत होती. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. न ऐकू येणाऱ्या पट्ट्यातली घाण ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरते. माहितीपत्रकातला टीएचडीचा (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांची, म्हणजे हार्मोनिकांची, भेसळ किती ते सांगणारा) आकडा इथे फारसा कामाचा नाही: १० किलोहर्ट्झचा दुसरा हार्मोनिकच २० वर जातो, तो कोणाला टोचणार?

प्लेअरचं आउटपुट ४८ किलोहर्ट्झवर बांधलं (म्हणजे २४ किंवा त्यावरचं काही पुढे जातच नाही) आणि शिट्टी थांबली. गाण्यांत मला तसाही फरक जाणवला नव्हता.

बाकी तंबोरा, तबला सुरेख. झांजा मात्र काचतात. स्पीकर किंचित बाहेर वळवल्यावर बरं वाटलं. आवाज फार चढवला की अ‍ॅम्प्लिफायर क्लिप होतो (ताकद संपून लाटांची टोकं कापतो) आणि सगळंच कर्कश लागतं. या किमतीत जोडी ठीक आहे, पण शिक्क्यापायी वरचे पैसे मोजू नका. दुकानात जाताना १९ अधिक २० किलोहर्ट्झची फाइल फोनमध्ये न्या; १ किलोहर्ट्झची शिट्टी आली तर तिथेही तीच गडबड. आवाज बेताचाच ठेवा. काही ऐकू येत नाही म्हणून वाढवत गेलात तर दुकानदाराचा ट्वीटर जळेल.