मूडलवर कन्नडची शिकवणी: आठ महिन्यांनंतर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या दहावीच्या पोरांना मी कन्नड शिकवतो. जांबोटीच्या पलीकडची पोरं पावसाळ्यात संध्याकाळची बस चुकली की अडकायची, म्हणून जूनमध्ये मूडल घेतलं, म्हणजे धडे आणि चाचण्या ऑनलाइन ठेवायचं सॉफ्टवेअर. २००२ पासूनचं, फुकट. सर्व्हरचं तेवढं आपण बघायचं. मी स्वस्तातलं होस्टिंग घेतलं आणि ऐन चाचणीच्या रात्री ते बसलं. तिथं पैसे वाचवू नका.

मोठी चूक मात्र माझीच. वर्गातला तास तसाच्या तसा रेकॉर्ड करून टाकला, चाळीस मिनिटांचा. कुणीच शेवटपर्यंत बघेना. एकाला विचारलं तर म्हणाला, "सर, नेट संपलं आणि झोपबी आली." एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा २०१४ चा अभ्यास नंतर वाचला. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच शिकणारे नीट बघतात, असं त्यात निघालं होतं. आधी वाचायला हवा होता!

दिवाळीनंतर सगळं उलटं केलं. आठवड्याअखेर पोराला काय जमलं पाहिजे ते आधी लिहायचं, मग त्याचा प्रश्न, व्हिडिओ सगळ्यात शेवटी. उदाहरणार्थ, कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे. मराठी कानाला ते कळतच नाहीत. ऱ्हस्व 'बेळे' म्हणजे पीक, दीर्घ 'बेऽळे' म्हणजे डाळ. (इकडच्या बोलीत डाळीला ब्याळी म्हणतात, तिथं घोळ नाही, घोळ पेपरात.) दोन्ही उच्चार ऐकवून विचारलं, "आईनं दुकानातून काय आणायला सांगितलं?" पीक निवडलं की उत्तर येतं, "मग आमटी पुढच्या सुगीला!" व्हिडिओ उरला चार मिनिटांचा. एवढ्यानं जे झालं ते चाळीस मिनिटांत झालं नव्हतं.

कणकुंबीकडं पावसात रेंज जाते. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये धडा उतरवून ठेवता येतो, चाचणीही ऑफलाइन देता येते. पण ती परवानगी शिक्षकानं सेटिंगमध्ये द्यावी लागते. मला हे ऑगस्टमध्ये कळलं, म्हणजे पाऊस अर्धा सरल्यावर. शिवाय अशा चाचणीला वेळेची मर्यादा लावता येत नाही, आणि चुकलं-बरोबर रेंज आल्यावरच कळतं. माझा आमटीचा विनोद तिथं शिळा होऊन पोचतो. म्हणून सरावाचे प्रश्न ऑनलाइन, आठवड्याची चाचणी ऑफलाइन, अशी वाटणी केलीय.

हस्ताक्षराचं काही जमलं नाही. जोडाक्षरातलं खालचं अक्षर कुठं वळवायचं ते वहीच्या फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी शनिवारी सकाळी वही घेऊन बोलावतोच.