पोथी वाचवायची म्हणून माझ्याकडून ८५ हजार नेले

काठमांडू खोऱ्यात नेवार समाजाची वज्राचार्य, म्हणजे बौद्ध पुरोहितांची, घराणी आहेत. हेवज्र, चक्रसंवर या तांत्रिक बौद्ध देवतांची साधना तिथे संस्कृत पोथ्यांमधून आणि बापाकडून मुलाकडे अशी चालत आली. चर्यागीतं, चर्यानृत्य ही या साधनेतली गाणी आणि नृत्यं अजून टिकून आहेत, पण मुलं नोकरीधंद्याला बाहेर पडली की शिकायला कोण उरणार, ही काळजी खरी आहे. मला ती फार वर्षांपासून आहे. मला फसवणाऱ्या माणसाने नेमकी तीच हेरली.

तो स्वतःला आचार्य म्हणवायचा. एका वज्राचार्य घरात हेवज्रतंत्राची अकराव्या शतकातली ताडपत्राची पोथी आहे, २०१५ च्या भूकंपात भिंत पडून ती भिजली, आजवर कुणी तिची प्रत केलेली नाही, येत्या पावसाळ्यात ती जाईल, असं त्याने सांगितलं. स्कॅनिंगसाठी मी चार हप्त्यांत ८५ हजार रुपये पाठवले.

पावती मागितली तर म्हणाला, हे गुह्य आहे, कागदावर आणत नाहीत. घराण्याचं नाव विचारलं तर ‘समय मोडेल’. समय म्हणजे दीक्षेत घेतलेलं बंधन. तो शब्द ऐकून मी गप्प बसले, आणि माझं चुकलं ते इथेच. गुप्त ठेवतात ते मंत्र आणि साधना. देणगीचा हिशेब गुप्त ठेवा, असं कुठलीच परंपरा सांगत नाही.

दर हप्त्यानंतर दहा-बारा पानांचे फोटो यायचे, सगळे कृष्णधवल. मग एके दिवशी तो म्हणाला, आणखी ३० हजार द्या, एक मूळ पान तुमच्या देवघरासाठी पाठवतो. तेव्हा पोटात धस्स झालं. पोथी वाचवणारा माणूस तिचं पान विकेल का? शिवाय नेपाळमधून पुरातन वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेणं हा गुन्हाच आहे.

ते फोटो मी हस्तलिखितांवर काम करणाऱ्या एका ताईंना दाखवले. एका पानाच्या कडेला कापायचा राहिलेला रीळ क्रमांक त्यांना लगेच दिसला. नेपाळ-जर्मन हस्तलिखित संरक्षण प्रकल्पाने १९७० पासून तीसेक वर्षं नेपाळभरच्या दीड लाखाहून जास्त हस्तलिखितांच्या मायक्रोफिल्म केल्या. त्याची सूची इंटरनेटवर कुणालाही चाळता येते. ‘कुणी न पाहिलेली’ पोथी त्यातलीच निघाली. ग्रंथही हेवज्र नव्हता, साधा पूजाविधी होता.

मग ताईंनी पुष्पिका, म्हणजे पोथीच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेली नोंद, वाचून दाखवली. तिथे नेपाळ संवत ९१२ होता. हा संवत इ. स. ८७९ मध्ये सुरू होतो, म्हणजे पोथी १७९२ च्या आसपासची. तोवर तिथे ताडपत्र मागे पडून कागद आला होता. एवढी बेरीज मलाही करता आली असती, फक्त ती ओळ कुणाकडून तरी वाचून घ्यायला हवी होती.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पैसे परत आलेले नाहीत. गेल्या आठवड्यात माझ्या एका मैत्रिणीला त्याच माणसाचा मेसेज आला. आता काश्मीरमधली शारदा लिपीतली भूर्जपत्राची पोथी वाचवायची आहे. सोबत जोडलेला फोटो मी ओळखला: नेवारी लिपीतलं तेच पान, खाली ९१२.