सीएसएमटीसमोरच्या रात्री: ऑलिंपसच्या लाइव्ह कम्पोझिटचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात मी ऑलिंपस ओएम-डी ई-एम१० मार्क टू सेकंडहँड घेतला. २०१५ चं मॉडेल, १६ मेगापिक्सल. घेतला तो एकाच गोष्टीसाठी, ती म्हणजे लाइव्ह कम्पोझिट, म्हणजे एकामागून एक फोटो घेऊन कॅमेऱ्यातच त्यांचं एक चित्र करण्याची सोय. रात्रीच्या रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा पकडायची मला फार हौस आहे, आणि आधीच्या कॅमेऱ्यावर एका अडचणीपाशी मी दोन वर्षं अडकून पडले होते.

सीएसएमटीची इमारत रात्री झगझगीत उजळलेली असते. रेषा लांब हव्यात म्हणून शटर ३० सेकंद उघडं ठेवलं की दगडी कोरीवकाम पांढरं होऊन जातं. त्यावर उपाय म्हणून लेन्समधलं छिद्र लहान, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ १६ करावं, तर इमारत बरी येते पण गाड्यांच्या रेषा फिक्या पडतात. याचं कारण मला फार उशिरा उमगलं. धावता दिवा सेन्सरवरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपवरच्या) एका ठिकाणी क्षणभरच टेकतो, त्यामुळे रेषेचा उजळपणा अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवलाय त्यावर) ठरतो. शटर किती वेळ उघडं आहे याने रेषा फक्त लांबते. इमारत मात्र जागची हलत नाही, ती सेकंदागणिक उजळत जाते. एकाच एक्सपोजरमध्ये या दोघींना सांभाळायचं म्हणजे ओढाताणच.

लाइव्ह कम्पोझिट या दोघींना वेगळं करतं. आधी इमारतीपुरतं एक्सपोजर ठरवायचं. माझं तिथलं नेहमीचं म्हणजे एफ ८, आयएसओ २०० आणि २ सेकंद. मग कॅमेरा तशाच २-२ सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक घेत राहतो आणि प्रत्येक नव्या फ्रेममधला आधीपेक्षा उजळ असलेला भाग तेवढा मूळ चित्रावर चढवतो. इमारत पहिल्या फ्रेममध्ये होती तेवढीच उजळ राहते, रेषा वाढत जातात. हे सगळं मागच्या स्क्रीनवर डोळ्यांदेखत घडतं. हवं तेव्हा बटण दाबून थांबवायचं, रॉ फाइलही (नंतर सुधारता येणारी कच्ची फाइल) मिळते. एम (मॅन्युअल) मोडमध्ये शटरची चकती ६० सेकंदांच्या पुढे फिरवत गेलं की हा पर्याय येतो. पहिल्यांदा बटण दाबलं की कॅमेरा तयारीची फ्रेम घेतो, दुसऱ्यांदा दाबल्यावर खरं काम सुरू होतं. पहिल्या रात्री मला हे माहीत नव्हतं, आणि एक सुंदर वळण घेणारी बस तशीच निघून गेली.

आठ महिन्यांत मी सगळ्यात जास्त काही शिकले असेन तर ते थांबायचं कधी हे. सुरुवातीला मी दहा-दहा मिनिटं चालू ठेवायचे. रस्ता रेषांनी गच्च भरून जायचा आणि चित्रात एकही गाडी वेगळी कळायची नाही. आता दोन सिग्नल सुटले की मी हात आवरते. बेस्टची बस मिळाली तर एकही पुरतो. उजळ खिडक्यांचा रुंद पट्टा, त्याखाली चाकांपाशी अंधार आणि मागे दोन लाल रेघा, एवढ्याने चौक जिवंत होतो.

काही गोष्टी या पद्धतीच्या स्वभावातच आहेत, त्या घेण्याआधी माहीत असाव्यात. उजळ ते राहतं, त्यामुळे डिजिटल होर्डिंग फ्रेममध्ये असलं तर सगळ्या जाहिराती एकमेकींवर चढून पांढरा चौकोन उरतो. इमारतीवर रंग बदलणारी रोषणाई असेल तर तिचंही तेच होतं. गडद कपड्यातला माणूस समोरून चालत गेला तर त्याचा मागमूस राहत नाही, पांढऱ्या शर्टवाल्याचं भूत मात्र उमटतं. पुष्कळ नव्या गाड्यांचे एलईडी टेललॅम्प डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगाने उघडझाप करतात, म्हणून त्यांची रेषा ठिपक्याठिपक्यांची येते. जुन्या बल्बवाल्या टॅक्सीची रेषा सलग आणि मऊ. मला ती जास्त आवडते, आणि ती दिवसेंदिवस कमी दिसते याचं वाईट वाटतं.

मूळ फ्रेम अर्ध्या सेकंदाची ठेवू नका. दोन फ्रेमच्या मध्ये बारीकशी फट असते, आणि जवळून वेगात गेलेल्या मोटारसायकलच्या रेषेत ती दिसते. २ ते ४ सेकंद ठेवलं की फटी कमी होतात.

स्टँडच्या बाबतीत मी चुकले. स्वस्तातला हलका स्टँड घेतला आणि पादचारी पुलावर उभा केला. माणसं चालली की पूल थरथरतो, दर फ्रेम केसभर सरकते, आणि सगळ्या इमारतींना दुहेरी कडा येतात. आता जमिनीवरच उभी राहते, मधली दांडी वर काढत नाही, बॅग खाली अडकवते, कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करते आणि फोनवरच्या अ‍ॅपमधून बटण दाबते. स्क्रीन सतत चालू असल्याने बॅटऱ्या मात्र दोन लागतात.

वेळ संध्याकाळचीच धरा. मुंबईत सूर्य मावळल्यावर आभाळ गडद निळं राहतं ते जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे. तेवढ्या वेळात मूळ फ्रेम मिळाली तर कळस आणि घुमट आभाळापासून सुटे दिसतात. नंतर सगळं काळ्यात बुडतं.

स्टँडशिवायही हा कॅमेरा कामाला येतो, हे मला दादरच्या फुलबाजारात कळलं. पहाटे साडेचारला पुलाखाली झेंडूचे ढीग पडलेले असतात, डोक्यावर पाटी घेतलेले हमाल गर्दीतून वाट काढत असतात. हातात धरून पाव सेकंदाला फोटो काढले. पाच अक्षांच्या स्टॅबिलायझेशनमुळे फुलं आणि तराजू ठाम राहिले, आणि माणसं वाहत गेली. दहांतले चार साधतात, मला तेवढे पुष्कळ वाटतात. एका चित्रात हार ओवणाऱ्या मावशी निश्चल बसल्या आहेत आणि त्यांच्या भोवती सगळा बाजार धुरासारखा फिरतोय. त्यांना प्रिंट नेऊन दिली. त्यांनी ती गल्ल्याच्या मागे लावली आहे.

हा कॅमेरा पावसापासून सुरक्षित नाही, तरी पावसाळ्यातले ओले रस्ते सोडवत नाहीत. प्रत्येक रेषा खाली पुन्हा एकदा उमटते. सध्या धाकटा भाऊ छत्री धरून उभा राहतो आणि मी ११५ नंबरच्या मार्गावरच्या दुमजली इलेक्ट्रिक बसची वाट बघते. डिझेलच्या साध्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, तेव्हा माझ्याकडे हा कॅमेरा नव्हता. वरच्या मजल्याच्या खिडक्यांचा पट्टा ओल्या रस्त्यावर कसा उतरतो ते मला बघायचं आहे. गेल्या मंगळवारी ती आली, आणि नेमका तेव्हाच एक ट्रक मध्ये उभा होता. उद्या पुन्हा जाणार आहोत.