हाड मोडलं तर काय करायचं: कामटी, हाडवैद्य, एक्स-रे की अर्निकाच्या गोळ्या?

गळिताचा हंगाम सुरू झाला की चिकोडी-निपाणीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांना अंधारात धडकणाऱ्या दुचाक्या. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे शेवाळलेली अंगणं आणि निसरडे बांध. कुणाचं तरी हाड मोडतं आणि घरात चार मतं होतात. एकजण म्हणतो, बेळगावला न्या. दुसऱ्याला कोल्हापूर बरं वाटतं. तिसरा शेजारच्या गावच्या हाडवैद्याचं नाव काढतो, तर चौथा कपाटातून अर्निकाची बाटली आणतो. या सगळ्यांची वेळ एक नाही. म्हणून कोण चांगलं हे विचारण्याआधी कोणत्या तासाला कोण, हे ठरवायला हवं.

पहिला तास

इथे गोळ्या आणि प्रथमोपचार यांच्यात निवड करायची वेळ येऊच नये. मोडलेल्या हाडाची टोकं हलली की आतली शीर, रक्तवाहिनी, स्नायू फाटतात. ती टोकं जागच्या जागी रोखणं हे काम हातानेच करावं लागतं. वर्तमानपत्राची जाड घडी, बांबूची कामटी, नाहीतर मिटलेली छत्री घ्या, आत टॉवेलचा मऊ थर द्या आणि मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे हलणार नाहीत अशा बेतानं बांधा. हात-पाय ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत. ओढून सरळ करू नका. बांगड्या, पाटल्या, अंगठी सूज चढायच्या आत काढा. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवला तर दुखणं आणि सूज आटोक्यात राहते. तेल, बाम, चोळणं नको. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून खायला-प्यायलाही देऊ नका.

हाड बाहेर दिसत असेल तर आत ढकलू नका; स्वच्छ कापडाने झाका आणि निघा. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंबही न दिसता आत लिटरभर रक्त जाऊ शकतं. मान किंवा पाठ दुखत असेल तर उचलून जीपमध्ये घालू नका, १०८ बोलवा.

बांधून झालं की बोटाचं नख दाबा. पांढरं पडतं. सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं तर बांधणं आवळलंय, लगेच सैल करा. वाटेतही ही खूण पाहत राहा.

हाडवैद्य आणि एक्स-रे

लोक हाडवैद्याकडे का जातात, हे मला पूर्ण समजतं. तो जवळ असतो, कमी पैसे घेतो, कापाकापीचं बोलत नाही आणि आपल्याशी मराठीत बोलतो. कन्नड कागद हातात घेऊन एका खिडकीवरून दुसरीकडे फिरलेल्या माणसाला याची किंमत कळते. शिवाय मुका मार, मुरगळणं, न सरकलेली चीर ही दुखणी आराम मिळाला की बहुतेक वेळा आपोआप बरी होतात. त्याचं श्रेय लेपाला मिळतं.

अडचण ही की चीर आहे की हाड सरकलंय, हे बोटांनी चाचपून खात्रीनं सांगता येत नाही. माणूस चालतोय म्हणजे मोडलं नाही, हेही खरं नाही. न्हाणीत पडलेली आजी खुब्याचं हाड मोडूनही कधीकधी दोन पावलं टाकते. तिला लेप लावून अंथरुणावर ठेवलं तर न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या असं एकामागून एक सुरू होतं. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावं.

त्याहून मोठी भीती लहान मुलांच्या कोपराची. पाच-सात वर्षांचं पोर झाडावरून हातावर पडतं, कोपराच्या वरचं हाड मोडतं आणि हाताची मुख्य रक्तवाहिनी तिथूनच पुढे जाते. त्यावर घट्ट कामट्या बांधल्या की सूज आतल्या आत कोंडते आणि सहाएक तासांत स्नायू मरू लागतात. मग बोटं कायमची आखडतात. फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये हे लिहून ठेवलं. बोटं सरळ करताना पोर किंचाळतंय, बोटं गार, निळी किंवा बधिर आहेत, दुखणं वाढतच चाललंय, तर सकाळची वाट पाहू नका. बांधणं सोडा आणि रात्रीच निघा. हॉस्पिटलच्या प्लास्टरलाही हाच नियम आहे.

म्हणून माझं मत ठाम आहे: आधी एक्स-रे, मग बाकी सगळं.

होमिओपॅथी

बेळगावात होमिओपॅथीची कॉलेजं आहेत, घराघरात त्या पांढऱ्या गोळ्या आहेत. मारासाठी अर्निका, हाड जुळायला सिम्फायटम आणि कॅल्केरिया फॉस, ही नावं लोकांना पाठ असतात. सिम्फायटम ज्या झाडापासून होतं ते कॉम्फ्री युरोपात हाडासाठी पूर्वीपासून वापरलं जायचं, तेव्हा विश्वास काही हवेतून आलेला नाही. पण ३० पोटेन्सी म्हणजे शंभर पटींनी पातळ करणं, तेही तीस वेळा. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ औषधाचा कण उरण्याची शक्यता संपते. २००३ साली इंग्लंडमध्ये मनगटाच्या ऑपरेशननंतर अर्निका आणि औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या यांची तुलना झाली. दुखण्यात, काळं-निळं पडण्यात ठळक फरक दिसला नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनेही सगळे अभ्यास तपासून, कुठल्याही आजारावर होमिओपॅथीचा भरवशाचा पुरावा नाही असंच सांगितलं.

प्लास्टर झालंय, हाड नीट बसलंय आणि मनाला बरं वाटतं म्हणून ३० च्या गोळ्या घ्यायच्या असतील, तर त्या जुळण्याच्या आड येणार नाहीत. हाड आधी बसवा, सिम्फायटम नंतर, असं होमिओपॅथीतली जाणती मंडळीही बजावतात. मात्र कॉम्फ्रीचा मूळ अर्क पोटात घेऊ नका. त्यातली द्रव्यं यकृताला घातक आहेत. गोळ्या चालू आहेत म्हणून पुढचा एक्स-रे चुकवणंही नको, कारण बसवलेलं हाड पहिल्या दोन आठवड्यांत पुन्हा सरकू शकतं.

जुळण्याला खरी मदत होते ती खाण्यापिण्याने: अंडी, दूध, डाळ, नाचणी. आणि तंबाखू बंद केल्याने. निपाणी भागात हे सांगणं जड जातं, कारण तिथे तंबाखूवर घरं उभी राहिली आहेत. तरीही निकोटिनमुळे हाडाकडे जाणारं रक्त कमी होतं आणि जुळणं लांबतं. मोठ्या माणसाच्या मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात, नडगीला तीन-चार महिने किंवा जास्त.

पैसा

बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. तातडीचं नसेल तर सरकारी दवाखान्यातून रेफर करून घ्यावं लागतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकाने हरकतही घेतली. कोल्हापूरला न्यायचं असेल तर गाडी सुटायच्या आधी त्या हॉस्पिटलच्या योजना-कक्षात फोन करून आपलं गाव यादीत आहे का आणि कोणता दाखला लागतो ते विचारा. आधार आणि रेशन कार्ड मात्र दोन्हीकडे लागतं, ते निघतानाच पिशवीत टाका.